ताई, गिझर नंतर बदला, आधी सासूबाईंचं डोकं का दुखतं ते बघा

धनकवडीच्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात सांगतो. तीन मजली जुनी बिल्डिंग, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, घरात पाच माणसं. बाथरूममध्ये बारा वर्षांचा गॅस गिझर आहे, सहा लिटरवाला. सिलिंडर शेजारच्या ड्राय बाल्कनीत आणि भिंतीला भोक पाडून पाईप आत घेतलाय. हल्ली गिझर पटकन पेटत नाही, टक टक टक टक करत राहतो आणि मग एकदम भक् करून पेटतो. मिस्टर म्हणतात सेल बदल, चालेल अजून दोन वर्षं. प्लंबर म्हणतो अर्ध्या तासात त्याच जागी नवीन बसवून देतो, भोकं पण तीच वापरता येतील. ताईंचा प्रश्न असा की कुठल्या कंपनीचा घेऊ आणि सहा लिटर पुरेल का.

आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य आहे. "सासूबाईंची सारखी कुरकुर असते की गिझर लावला की डोकं चढतं, पण आम्हाला बाकी कुणालाच काही होत नाही, वयामुळे असेल."

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. मी बावीस वर्षं प्लंबिंगचं आणि गिझर दुरुस्तीचं काम करतोय, त्यावरून सांगतो, ही कुरकुर नाही आणि वय पण नाही. आजपासून तो गिझर लावू नका. नवीन येईपर्यंत सुद्धा नको. गिझरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा म्हणजे सवयीनं कुणी नळ सोडला तरी पेटणार नाही. चार-आठ दिवस पाणी किचनमध्ये ओट्यावर तापवा, खिडकी उघडी ठेवून, आणि बादलीत आधी गार पाणी घ्या मग उकळतं ओता, उलटं नको. लहान मुलं मध्ये असताना पातेलं घेऊन चालू नका. त्रास आहे मान्य आहे, पण आठ दिवसांचाच आहे.

आता का ते सांगतो, कारण घरातल्यांना पटवायचं काम तुम्हालाच करायचंय.

सहा लिटरचा गिझर पूर्ण चालू असला की मिनिटाला साधारण पंधरा ग्रॅम गॅस जाळतो. दहा मिनिटं चालला की दीडशे ग्रॅम. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे बारा हजार लिटर हवा लागते, म्हणजे दीडशे ग्रॅमला अठराशे लिटर. तुमचं बाथरूम जुन्या बिल्डिंगमधलं, चार बाय सहाचं धरलं आणि आठ फूट उंची धरली तर आत सगळी मिळून हवाच आहे साडेपाच हजार लिटरच्या आसपास. म्हणजे दहा मिनिटांत तिसरा हिस्सा हवा त्या बर्नरनंच वापरली. वर दार बंद, खिडकी बंद, दाराखालच्या फटीला कुणीतरी पायपुसणं सरकवलेलं, थंडीत हे होतंच. हवा कमी पडली की ज्योत निळीची पिवळी होते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे पण चुरचुरत नाहीत. आपल्याला गॅसचा जो वास येतो ना तो गळती कळावी म्हणून एलपीजीत मुद्दाम घातलेला असतो, तो न जळलेल्या गॅसला असतो. हा जो जळल्यावर तयार होतो त्याला वास कुठला येणार, त्यामुळे "वास तर काहीच येत नाही" हे वाक्य इथं काही कामाचं नाही. आणि हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे थोडासा असला तरी तो ऑक्सिजनची जागा अडवून बसतो.

आता बाकी कुणाला का होत नाही. तुम्हीच लिहिलंय की सकाळी आधी मुलं, मग मिस्टर, मग तुम्ही, आणि सगळ्यांचं आवरलं की सासूबाई. म्हणजे चार जणांच्या आंघोळी झाल्यावर, वाफेनं भरलेल्या बाथरूममध्ये, त्या पाचव्या. बाकीचे पाच मिनिटांत दोन तांबे घेऊन बाहेर पडतात, त्या स्टुलावर बसून सावकाश, कडी लावून, थंडी वाजते म्हणून नळ चालू ठेवूनच आंघोळ करतात. त्यांच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते आणि सगळ्यात जास्त वेळ येते, वर वय आहे. त्यांचं डोकं दुखणारच. एकदा त्यांना शांतपणे विचारा की बाहेर आल्यावर तासाभरानं बरं वाटतं का, मळमळतं का, पायातलं त्राण गेल्यासारखं होतं का. हो म्हणाल्या तर आंघोळ कधी करतात आणि त्रास कधी होतो ते सगळं फॅमिली डॉक्टरांना नीट सांगा.

माझ्या मावशीच्या बाबतीत हेच झालं म्हणून मला इतकं कळकळीनं लिहावं लागतंय. सांगलीला, जानेवारी महिना. महिनाभर ती म्हणत होती की आंघोळीनंतर डोकं जड होतं, सगळे म्हणाले बीपी असेल, एकदा बीपी तपासून पण आणलं, नॉर्मल निघालं, विषय संपला. एका रविवारी पाण्याचा आवाज येत होता म्हणून काका पेपर वाचत बसले, त्यांना वाटलं डोक्यावरनं पाणी घेतेय, वेळ लागणारच. अर्धा तास झाला तेव्हा हाक मारली, उत्तर नाही. दार तोडलं तर ती भिंतीला टेकून बसलेली, नळ चालू, गिझर चालू. वाचली, दोन दिवस दवाखान्यात राहिली. तिला एवढंच आठवत होतं की उठायचं होतं पण पाय उचलेना. कळत होतं आणि उचलेना. डोकं दुखतं हे ती महिनाभर सांगत होती, आम्ही कुणीच गिझरकडे बघितलं नाही, आणि मी तर तेव्हा हेच काम करत होतो.

बंगळुरू आणि बाकी ठिकाणच्या मेंदूच्या डॉक्टरांनी याला गॅस गिझर सिंड्रोम असं नावच दिलंय. बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध पडलं, हातपाय झटकले, की घरचे समजतात फिट आली, आणि बऱ्याचदा फिटचीच औषधं सुरू होतात. गॅस गिझर असलेल्या घरात फक्त आंघोळीच्या वेळीच कुणाला असं होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आमच्याकडे गिझर गॅसचा आहे.

आणि एक गोष्ट कोविडनंतर मला फार महत्त्वाची वाटते, कारण आता घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. कार्बन मोनॉक्साईडच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. त्या मशीनला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, माणूस अत्यवस्थ असताना ते ९८ दाखवू शकतं. देव न करो पण असं काही झालंच तर दार उघडा, खिडक्या उघडा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन लावा आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य गॅस गिझर होता हेच सांगा. रक्ताची वेगळी तपासणी असते, ती केली की कळतं.

आता गिझरच्या भक् आवाजाबद्दल. मिस्टरांचं सेलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सेल उतरले की ठिणगी मारतो पण दम नसतो, तोपर्यंत गॅस सुटत राहतो, साठतो आणि मग एकदम पेटतो. पण बारा वर्षांच्या गिझरमध्ये फक्त सेल हे कारण फार क्वचित निघतं. कव्हर काढलं की आत काय दिसतं ते सांगतो. वर तांब्याचा एक्स्चेंजर असतो, त्याला पातळ पातळ पत्र्यांची रांग असते कंगव्यासारखी, ती नवीन असताना तांबूस चमकते आणि जुन्यात काजळीनं बुजलेली असते, बोटानं पुसली तर बोट काळं होतं. ती काजळी म्हणजे ज्योत आधीच पिवळी जळत होती याचा पुरावा, आणि काजळीनं फटी बुजल्या की धूर वर जायला वाट राहत नाही, मग ज्योत अजून पिवळी. हे चक्र एकदा सुरू झालं की वाढतच जातं. खाली बर्नरच्या भोकांत गंज, पाण्याच्या बाजूला क्षार धरलेला, कारण टँकरचं आणि बोअरचं पाणी. आणि आतला रबरी पडदा कडक झालेला असतो, पाण्याच्या दाबानं तो हलतो तेव्हाच गॅस सुटतो, तो कडक झाला की गिझर कधी पेटतो कधी नाही. बारा वर्षांनंतर हे सगळं साफ करून देतो म्हणणारा मिळेल पण मी करत नाही. त्यात पैसे घालू नका.

तेव्हा बदलायचा हे ठरलं. पण तुम्ही विचारलंत कुठला, आणि मी म्हणतो कुठला हे मागाहून, आधी कुठं. त्याच बाथरूममध्ये, त्याच भोकांना, नवीन कोरा गिझर लावला तरी हवा तेवढीच लागणार आहे, बाथरूम तेवढंच राहणार आहे. दुकानदार सांगेल नव्यात ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर आहे, वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. असतात, चांगलेच आहेत. पण वीस मिनिटांचा टायमर नळ बंद करून परत सोडला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि सेन्सर हा शेवटचा आधार, त्याच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला कडी लावून आत बसवायचं नसतं. एक्झॉस्ट फॅन लावू म्हणाल, तर आत हवा यायला खालून वाट नसेल तर तोच फॅन गिझरचा धूर उलटा खाली ओढतो. हे मी अगरबत्तीनं करून दाखवतो लोकांना, फॅन चालू, दार बंद, अगरबत्ती गिझरच्या वरच्या जाळीजवळ धरायची, धूर वर जायच्या ऐवजी तोंडाकडे यायला लागला की माणूस गप्प होतो.

मग ड्राय बाल्कनीत लावू का? गॅस गिझरची खरी जागा तीच, उघडी बाल्कनी, आणि तिथनं गरम पाण्याची लाईन आत घ्यायची. पण तुम्ही लिहिलंय की बाल्कनीला स्लायडिंग लावलंय, वॉशिंग मशीन तिथंच आहे आणि सिलिंडर पण. मग ती बाल्कनी राहिली नाही ताई, ती एक खोली झाली, बाथरूमपेक्षा पण लहान. तुम्ही म्हणाल स्लायडिंग उघडी ठेवू. डिसेंबरात पहाटे पाच वाजता कोण उघडी ठेवतं? आणि किचनचं दार त्याच बाल्कनीत उघडतं. मला तुमच्या घरात गॅस गिझरला सुरक्षित जागाच दिसत नाही, म्हणून माझं सरळ मत, इलेक्ट्रिकवर या. २५ लिटरचा स्टोअरेजवाला घ्या, दोन किलोवॉटचा.

पुरेल का? हिशोब बघा. टाकीतलं २५ लिटर पाणी ६० डिग्रीला तापलं आणि नळाचं गार पाणी २२ डिग्रीचं धरलं तर आंघोळीचं ४२ डिग्रीचं पाणी होतं साधारण ४७ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या दोन बादल्या आणि वर थोडं. त्यानंतर दर पंधरा मिनिटाला एक बादली निघेल एवढं तो तापवतो. सकाळी पहिल्यांदा तापायला पस्तीस मिनिटं लागतात, तेव्हा उठल्या उठल्या बटण दाबा. दोन्ही मुलं एकामागे एक, मग पंधरा-वीस मिनिटांनी मिस्टर, मग तुम्ही, आणि सासूबाई सावकाश. गॅसवर कसं कितीही वेळ पाणी येतच राहतं, ती सवय थोडी मोडावी लागेल हे खरंय, पहिला आठवडा घरात चिडचिड होईल.

खर्चाचं पण सांगतो कारण मिस्टर विचारणारच. एका बादलीला गॅस लागतो ४५ ग्रॅमच्या आसपास, वीज लागते अर्धा युनिट. रोज पाच बादल्या म्हणजे महिन्याला पावणेसात किलो गॅस, १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ अर्धा. विजेचे महिन्याला ७५ युनिट. सिलिंडर नऊशेच्या आसपास धरला आणि वरच्या स्लॅबमध्ये युनिट दहा-बारा रुपये धरलं तर महिन्याला तीनशे ते साडेचारशे रुपये जास्त जातील. जातील. मी ते कमी करून सांगणार नाही. उन्हाळ्यात फरक बराच उतरतो.

आता यात एक गोष्ट अशी आहे की ती नीट केली नाही तर एक धोका काढून दुसरा आणला असं होईल, ती म्हणजे वायरिंग. बिल्डिंग जुनी आहे. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तो साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर चालवायचा नाही, तुमच्या बाथरूमबाहेर मशीनसाठी जो बोर्ड आहे त्यातून वायर काढून द्यायची नाही, इलेक्ट्रिशियन किती पण म्हणू दे चालतंय. मेन बोर्डापासून वेगळी लाईन, तांब्याची, कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएमची आणि लांबून आणायची असेल तर चारची, तिला वेगळा एमसीबी म्हणजे जास्त लोड आला की पडणारा स्विच, १६ अँपिअरचा सॉकेट आणि बटण बाथरूमच्या बाहेर. आणि मेनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, नसेल तर बसवून घ्या, गिझरपेक्षा आधी तो. अर्थिंग आहे का हे त्याला टेस्ट करून दाखवायला लावा, तुमच्यासमोर. जुन्या बिल्डिंगमध्ये तीन पिनचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनला मागं वायरच जोडलेली नसते, मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. अर्थिंग मिळत नसेल तर सोसायटीत बोला, नवीन खड्डा घेता येतो, बाकीच्यांना पण उपयोग होईल. पण अर्थिंगशिवाय गिझर चालू करू नका.

टाकी घेताना आतून ग्लास कोटिंगची घ्या कारण पाणी जड आहे, आणि आत एक मॅग्नेशियमचा रॉड असतो, पाणी टाकीच्या आधी त्या रॉडला खातं, तो दीड-दोन वर्षांनी बघून बदलायचा. हे सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. खाली जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो त्यातनं कधीकधी थेंब थेंब पाणी येतं, काही लोक त्याला बूच मारतात, ते कधीच करू नका, दाब वाढला की सुटायची ती एकच वाट आहे. स्टारचं लेबल बघून घ्या. तीन लिटरचा इन्स्टंट कुणी सुचवला तर नको म्हणा, तो तीन किलोवॉट ओढतो आणि बादली भरायला नऊ-दहा मिनिटं घेतो, किचनच्या सिंकला ठीक आहे.

हे वाचणाऱ्यांत ज्यांची गॅलरी खरोखर उघडी आहे, फक्त ग्रिल आहे, त्यांना गॅस गिझर सोडायची गरज नाही, बाहेर लावा आणि सुखानं वापरा. फक्त एलपीजीच्या गिझरवर आयएस १५५५८ चा, म्हणजे भारतीय मानकाचा, मार्क बघा, पाटीवर एलपीजी लिहिलंय की नॅचरल गॅस ते बघा कारण दोन्हीचे जेट, म्हणजे गॅस सुटायची बारीक भोकं, वेगळे असतात, पाईप गॅसवाल्यांनी जुना एलपीजीचा गिझर तसाच जोडायचा नाही आणि पॉइंट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच काढून घ्यायचा. केशरी सुरक्षा पाईपवर तारीख असते, पाच वर्षं झाली की बदला, चांगला दिसला तरी. सिलिंडर आणि शेगडीच्या मध्ये टी जोडून गिझरला गॅस द्यायचा नाही. गरम पाण्याच्या लाईनला सीपीव्हीसी वापरा, साधा पांढरा पाईप नको. आणि कुठल्याही घरात, गॅस असो वीज असो, म्हाताऱ्या माणसानं आतून कडी लावू नये, दार लोटून घ्यावं, बाहेर कुणीतरी असतंच.

अजून एक, ताई. जुन्या गिझरचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगतो. लोक कामवाल्या मावशींना देतात, तुमच्याकडे उपयोगी पडेल म्हणून, चांगल्या मनानंच देतात. देऊ नका. त्यांच्या घरी मोरी तुमच्या बाथरूमपेक्षा लहान असेल, खिडकी असेल नसेल. ऑनलाईन पण विकू नका. प्लंबरला सांगून बर्नर आणि गॅसचा व्हॉल्व्ह सोडवून घ्या, तांबं भंगारवाल्याला द्या, त्याचे बरे पैसे येतात.

आणि भिंतीतलं भोक बुजवून घ्या, पाईप सिलिंडरच्या बाजूनंच पूर्ण काढा, नुसता कॉक बंद करून टोक लोंबतं ठेवू नका. वायरवाला येऊन गेला की अर्थिंग निघालं का ते मला कळवा, नसेल निघालं तर पुढं काय करायचं ते लिहितो. आणि आठ दिवस गिझर बंद ठेवल्यावर सासूबाईंचं डोकं दुखायचं थांबलं का, ते पण त्यांनाच विचारून लिहा.